मायचं माप

माय गेली तेव्हा तिचं वय किती होतं, हे घरात कुणालाच धड सांगता आलं नाही. आधार कार्डावर १ जानेवारी १९४० अशी तारीख होती, पण ती कार्ड काढणाऱ्या पोरानं अंदाजानं टाकलेली. आमच्या गावातल्या निम्म्या म्हाताऱ्या १ जानेवारीलाच जन्मलेल्या आहेत. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांच्या आत करावी लागते, म्हणून अप्पा ग्रामपंचायतीत गेले आणि वयाच्या रकान्यापाशी अडले. शेवटी आधारावरचंच वय लिहून दिलं. घरी मात्र वाद चालू राहिला. थोरली आत्या म्हणाली, रझाकाराच्या वक्ताला माय आठ वर्षांची होती. धाकटी म्हणाली, आठ कशी, धाकट्या भावाला कडेवर घेऊन ती रात्रभर चालली होती, दहा-अकराची तरी असंल. हा हिशेब शेवटपर्यंत जुळला नाही. ऐंशीच्या आसपास, एवढंच ठरलं.

२०१९ च्या पौषात ती गेली. ज्वारी हुरड्यात होती.

तिला सगळं घर माय म्हणायचं. अप्पा म्हणायचे, काका म्हणायचे, म्हणून आम्ही नातवंडंही. आमचं गाव चुडावा, पूर्णा तालुक्यातलं. पूर्णा जंक्शन सोडून गाडी नांदेडकडं निघाली की पुढचं स्टेशन चुडावा, त्याच्या पुढं लिंबगाव. एक्स्प्रेस आमच्याकडं न बघताच निघून जातात, पॅसेंजरचा तेवढा आधार. मायचं माहेर पूर्णेच्या पलीकडं, परभणीच्या वाटेवर, मिरखेलला. म्हणजे तिचं सासर आणि माहेर एकाच रुळावर, मधे पूर्णा. लग्न होऊन ती मीटरगेजच्या गाडीनं आली, तेव्हा इंजिन कोळशाचं. नव्या लुगड्यावर ठिणगी पडून भोक पडलं, ते लुगडं पुढं गोधडीत शिवलं गेलं, आणि ते भोक कुठं आहे हे ती आम्हाला बोट लावून दाखवायची. तिच्यानंतर ती गोधडी धाकट्या आत्यानं नेली.

रझाकाराच्या सालातलं ती फार कमी सांगायची, पण सांगायची तेव्हा तेच दोन-तीन तपशील, एकही शब्द इकडंतिकडं न होता. १९४८ सालात मराठवाड्यातली कितीतरी घरं निजामाच्या राज्याची हद्द ओलांडून वऱ्हाडात गेली, कुणी उमरखेडकडं, कुणी वाशीमकडं. मायच्या बापानं बैलांच्या घुंगरमाळा काढून ठेवल्या आणि रातोरात गाडी काढली. गाडीत म्हातारी माणसं आणि पीठ, लेकरं पायी. दिवस उगवला की ज्वारीच्या रानात बसायचं. म्हैस मात्र नेता येईना. ती शेजारच्या तांबोळ्याच्या दावणीला बांधली. सप्टेंबरात मिल्ट्री आली, पाच दिवसांत संस्थान संपलं, आणि ही माणसं दिवाळीच्या सुमाराला गावी परतली. तेव्हा तांबोळ्याच्या घराला कुलूप होतं. म्हैस चुलत्याच्या गोठ्यात आणून बांधलेली, आणि तिच्या दुधाचं तूप काढून गाडगंभर ठेवलेलं, तेही चुलत्याकडं. तांबोळी कुठं गेले, कसे गेले, हे मायला कुणी सांगितलं नाही. तिनं विचारलं तेव्हा बापानं "जेव गप" म्हटलं. पोलीस ॲक्शननंतर मराठवाड्यातल्या मुसलमानांवर काय गुदरलं, ते पंडित सुंदरलाल समितीनं त्याच वर्षाअखेर फिरून नोंदवलं, पण आमच्या शाळेच्या पुस्तकात ते कधी आलं नाही. दर १७ सप्टेंबरला आम्ही मुक्तिसंग्रामाच्या झेंड्याला शाळेत जायचो, आणि घरी आलो की माय त्या तुपाची गोष्ट सांगायची. "तूप आमी खाल्लं," एवढं बोलून ती थांबायची.

आता बळदाविषयी. मायचं नाव काढलं की चुडाव्यातल्या बायकांना आधी आमचं बळद आठवतं.

बळद म्हणजे भिंतीच्या पोटात बांधलेली धान्याची कोठी. वरून धान्य ओतायचं. खाली जमिनीलगत हात जाईल एवढं भोक, त्यात चिंध्यांचा बोळा. बोळा काढला की ज्वारी सळसळत बाहेर येते, घालायला जरा उशीर झाला तर खोलीभर होते. जुन्या माळवदाच्या घरात हे असायचंच. पुढं आमचं माळवद पाडून स्लॅब पडला, पण मायनं बळदाची भिंत पाडू दिली नाही. बांधकामाच्या मिस्त्रीनं परोपरीनं समजावलं, भिंत नडते, खोली लहान होते. ती तिथंच जोतं धरून बसली. शेवटी नव्या घराच्या आत जुनी भिंत ठेवून घर बांधलं गेलं, आणि अजून आमच्या स्वयंपाकघराचा एक कोपरा सरळ नाही.

तिचं हे धान्याचं वेड बहात्तरच्या दुष्काळातलं. पाठोपाठ पावसानं दगा दिला, आणि १९७२ ला तर पेरलेलं उगवलंच नाही. आजोबा आणि ती दोघं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचे. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर असल्या कामांवर पन्नास लाखांच्या घरात माणसं होती असं सांगतात, त्यातली दोन आमच्या घरची. थोरली आत्या घरी धाकट्यांना सांभाळायची. कामावर सुकडी मिळायची, आणि रेशनला लाल मिलो. त्याची भाकरी थापताना तुटायची, तव्यावर टाकायच्या आत दोन तुकडे. माय म्हणायची, "तुटकी भाकर लेकराच्या हातात द्यायला जीव होत नव्हता, म्हून जुळवून तव्यावर टाकायचे." त्यानंतर सुकडीचा वासही तिनं घेतला नाही. अंगणवाडीतून आमच्या हातात कधी तसलं काही आलं की पदरानं नाक दाबायची. आणि आणीबाणीच्या काळात आजोबा गेले, घर तिच्या एकटीवर आलं, तेव्हापासून बळद रिकामं पडू द्यायचं नाही, हा तिचा कायदा.

पुढं शिवारात सोयाबीन आलं, काकांनी हळदही करून पाहिली. ज्वारी लावण्यात काही राहिलं नाही, मजुरीही सुटत नाही, हे काका तिला दर वर्षी सांगायचे. ती ऐकून घ्यायची आणि तिच्या नावावरच्या तुकड्यात रब्बीला ज्वारीच पेरायला लावायची. परभणीच्या विद्यापीठाचं परभणी मोती अप्पांनी आणलं, तर आधी एक चिपटं दळून भाकरी करून पाहिली, मग होकार दिला. नवीन बी नको असा तिचा हट्ट नव्हता, भाकर दुसऱ्या दिवशी कडक व्हायला नको एवढंच.

पेरणीच्या तोंडाला, जूनमध्ये, बायका यायच्या. पदराखाली टोपलं. मागायला आलेली बाई कधी सरळ मागत नाही. आधी लेकराचा ताप, मग जावेचं भांडण, मग पावसाचं काय खरं नाही. माय चंचीतून पान काढून लावायची, सगळं ऐकायची आणि एकदम म्हणायची, "किती देऊ?"

तिचं माप अधोलीचं. चार शेरांची पायली, दोन शेरांची अधोली. लोखंडी अधोली, काठावर जरा चेपलेली. देताना ती शिगेनं द्यायची, म्हणजे मापावर ज्वारीचा डोंगर उभा राहीपर्यंत ओतायची, आणि वरचे दाणे ओघळून खाली पडले की तेही ओंजळीनं टोपल्यात टाकायची. सुगी झाली की ज्वारी परत यायची, तेव्हा घेताना सपाट. हाताची कड मापावरून फिरवून वरचं सगळं परत त्या बाईच्या टोपल्यात. हे मी लहानपणी शेजारी बसून पाहिलं आहे, आणि यात फार मोठं औदार्य वगैरे पाहू नये. कारण ज्या बाईशी तिचं पटत नव्हतं तिला ती सपाट द्यायची आणि घेतानाही सपाटच घ्यायची. आणि ज्यांच्या घरात नोकरीचा पगार येतो त्यांना तोंडावर सांगायची, "बळद खाली हाय." बळद गळ्यापर्यंत भरलेलं असायचं.

लिहिता येत नव्हतं. बळदाच्या खोलीच्या दाराला आतून चुन्याच्या रेघा ओढायची, एका अधोलीला एक. कुणाची रेघ कुठं हे तिचं तिला माहीत. कोयंड्याजवळच्या कुणाच्या, खाली कोपऱ्यातल्या कुणाच्या. फिटलं की ओल्या बोटानं पुसायची. एकदा मी शाळेच्या हौसेनं त्या रेघांवर नावं लिहू लागले तर हात धरला. "काय करूलालीस? कुणाचं देणं हाय ते गावाला दावतीस का?" तोपर्यंत ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

ओव्यांचंही असंच. गंगाखेड आमच्याच जिल्ह्यातलं, संत जनाबाईचं गाव, त्यामुळं जात्यावर बसलेल्या बाईला आमच्याकडं जनाबाईचा आधार. मायच्या ओव्या आत्यांनी पहाटे झोपेत ऐकलेल्या आहेत. गावात पिठाची गिरणी आली तसं जातं भरडण्यापुरतं राहिलं, आणि ओव्याही मग डाळीपुरत्याच. पुढं हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी महाराष्ट्रभर फिरून लाखावर ओव्या गोळा केल्या, बायकांच्या नावागावासकट, हे मी वाचलं आणि उत्साहानं मोबाइल घेऊन मायसमोर बसले. तिनं घसा साफ केला, पदर नीट केला, दोन शब्द म्हटले आणि थांबली. "जात्याबिगर गळा निघत नाही." मग जातं मांडलं, तर म्हणाली गुडघा दुखतो. माझ्याकडं त्या दिवशीचं अकरा मिनिटांचं रेकॉर्डिंग आहे, त्यात बहुतेक सगळं गुडघ्याबद्दलच आहे.

माय आईशी कशी वागली हेही सांगायला हवं. बळदाची किल्ली चंचीत, चंची कमरेला. माझी आई चाळिशीला आली तरी तिला शेरभर ज्वारी आपल्या हातानं काढता येत नव्हती. एकदा आईच्या माहेरची माणसं अवचित आली. पोळ्या करायच्या होत्या. मायनं गहू मोजून दिले, आणि लागत होते त्याच्यापेक्षा मापटंभर कमी दिले. पाहुणे जेवून उठले, आई शिळ्या भाकरीवर राहिली. ते मापटं आई आजही विसरलेली नाही. माती झाली त्या दिवशी ओसरीवर बसून माणसं म्हणत होती, देवमाणूस गेलं. आई आत चुलीपाशी होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "देव बिव काही नव्हती. माणूसच होती, आन लई कडक." मग बराच वेळ तिचं नाक लाल होतं. धूर नव्हता, घरात गॅसच आहे.

पूर्णा नदी गोदावरीला मिळते ती आमच्याच तालुक्यात. आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. दहावा तिथं संगमाला केला. पिंड ठेवला आणि सगळे हात जोडून मागं सरले. कावळा शिवायला वेळ लागला की एकेक जण पुढं होऊन शब्द देतो, नातवाचं शिक्षण करू, अमक्याचं कर्ज फेडू. काका पुढं व्हायच्या आतच कावळा आला आणि भाताचा घास घेऊन गेला. जमलेल्या बायका म्हणाल्या, हिचं काहीच मागं राहिलं नव्हतं बाई. मला ते पटलं नाही. तिचं तीन एकर मागं होतं.

तेरवीला आणि त्याच्यानंतरचे काही दिवस बायका ज्वारी घेऊन येत राहिल्या. दारावरच्या रेघा तशाच होत्या, पण त्यातली कुणाची कोणती हे सांगणारं कुणी नव्हतं. आलेल्या बायकांनी आपापला आकडा सांगितला आणि ज्वारी ओतली. एकीनं ज्वारी झाली नाही म्हणून गहू आणले. सगळ्या आल्या असं नाही, आणि आलेल्यांनी सगळं आणलं असंही नसेल. एक म्हातारी मात्र उलटं सांगत आली. किल्लारीच्या भूकंपाच्या साली, १९९३ ला, सगळं गाव माळवदाखाली झोपायला भीत अंगणात झोपत होतं, तेव्हा मायनं तिच्याकडून दीड पायली ज्वारी नेली होती, ती राहिली, असं तिचं म्हणणं. काका हसले. मायनं कुणाचं घेतलेलं कुणी ऐकलं नव्हतं. आई उठली, बोळा काढला, तीन अधोल्या मोजल्या आणि तिन्ही शिगेनं दिल्या. म्हातारी गेल्यावर काकांनी विचारलं, "वहिनी, खरं कशावरून?" आई म्हणाली, "माझ्या दारातून दीड पायलीसाठी म्हातारी बाई परत धाडू का?"

तीन एकराची गोष्ट वेगळी. आजोबांची जमीन आधीच अप्पा आणि काकांत वाटून झालेली. हा तुकडा मायनं दूध विकून, पाटल्या मोडून स्वतःच्या नावानं घेतलेला. मृत्युपत्र नव्हतं. वारसांची नोंद तलाठ्याच्या सहा-क च्या नोंदवहीत होते, तिथं चौघांची नावं लागली, दोन भाऊ, दोन बहिणी. आईच्या मिळकतीत मुलामुलींचा सारखा हिस्सा, हे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून आहे. वडिलोपार्जित जमिनीतला मुलींचा जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्रात १९९४ ला आला, देशभर २००५ ला. कायद्यात काही कमी नाही. पण आमच्याकडं नावं लागली की लगेच दुसरा कागद तयार असतो, हक्कसोडपत्राचा. बहिणींना गाडीनं तालुक्याला न्यायचं, निबंधकाच्या ऑफिसात सह्या घ्यायच्या, येताना साडीचोळी आणि जेवण. न देणाऱ्या बहिणीचं माहेर तुटलं असं समजायचं. शहाण्यासुरत्या घरांतही हे चालतं, आणि भावांना त्यात आपण काही घेतलं असं वाटतही नाही.

मायनंही मिरखेलच्या जमिनीवर असाच अंगठा दिला होता. भाऊ होता तोवर पंचमीला गाडी यायची, लुगडं यायचं. भाऊ गेला, भाचे परभणीला राहायला गेले, आणि गाडी बंद झाली. तिनं याबद्दल चारचौघांत कधी तक्रार केली नाही. धाकट्या आत्याला मात्र शेवटच्या वर्षी म्हणाली होती, "अंगठ्याची शाई धुतल्यावर जाते, म्हून मला वाटलं काही गेलं नाही." आत्यानं हे तेरवीनंतर सगळ्यांसमोर सांगितलं. काका म्हणाले, हे आम्हाला कसं कधी बोलली नाही. थोरली आत्या गप्प बसली.

थोरलीनं सही दिली. तिचं म्हणणं, माझी मुलं कमावती आहेत, मला भावांचं दार उघडं पाहिजे. तिला चूक म्हणायची माझी हिंमत नाही, बहात्तरला या भावांना तिनंच खांद्यावर वाढवलं आहे. धाकटीनं सही दिली नाही. तीन एकराचे एकशेवीस गुंठे, चौघांत तीस-तीस. तिचे तीस गुंठे तिनं मोजून मागितले. अप्पांनी पुढं होऊन खुणा रोवल्या. काकांनी बोलणं टाकलं. दिवाळीला धाकटी आली ती आमच्याकडं उतरली, काकांच्या अंगणातून गेली तर काकूनं पाणी विचारलं, काकांनी पेपर उघडला.

तिनं त्या तीस गुंठ्यांत बटईनं ज्वारीच पेरली. गावानं तिला वेड्यात काढलं, सोयाबीनवर हरभरा घेतला असता तर चार पैसे दिसले असते म्हणून. पाऊस बेताचा, पण ज्वारी बरी आली. त्या साली कडब्याला भाव होता. काकांच्या दोन म्हशी, आणि त्यांच्या सगळ्या रानात सोयाबीन, म्हणजे वैरणीच्या नावानं शून्य. मार्चमध्ये काका एका सकाळी आत्याच्या रानाच्या बांधावर जाऊन उभे राहिले. बटईदाराशी बोलावं तसं आत्याशी बोलले, तिच्याकडं न बघता. कडबा काय भाव देणार? आत्यानं गावात चालला होता तोच शेकड्याचा भाव सांगितला. काका म्हणाले, बहिणीचा भाव सांग. ती म्हणाली, बहिणीचाच सांगितला.

काकांनी पैसे दिले. आत्यानं पुन्हा मोजून कमरेला खोचले. मग पेंढ्या मोजायला लागली, आणि प्रत्येक शेकड्यामागं पाच पेंढ्या वर टाकत गेली. काका बाजूला उभे राहून मोजत होते. तिसऱ्या शेकड्याला त्यांनी विचारलं, "ह्या वरच्या कशाच्या?" आत्या म्हणाली, "गाडीत टाक गप, ऊन व्हायलं."